न मळलेला कोट

दर आठवड्याला स्वच्छ कोट धुवायला घेऊन येणाऱ्या माणसाला काय म्हणावं? लॉन्ड्रीवाल्याची ताई त्याला सरळ वेडा म्हणायची.  लॉन्ड्रीवाला मात्र कोट हातात घ्यायचा, आणि घेताना जरा जास्तच वेळ लावायचा.

ओळख झाली तीही अशीच, अवचित. एका संध्याकाळी पाऊस चुकवायला एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. छातीशी व्हायोलिनची पेटी. स्वतः नखशिखान्त भिजलेला, पेटी मात्र कोरडी ठणठणीत!

"आत या की," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "ओलं वाळवायचा तर आमचा धंदाच आहे."

तो हसला... आणि झालं! तेव्हापासून त्याचा काळा कोट दर आठवड्याला दुकानात हजर.

"राजे, आज तुमचा व्हायोलिनवाला कसा आला नाही अजून?" ताई चिडवायची. तिला भावाचं सगळं ठाऊक होतं. त्याला पुरुष आवडतात हे, आणि हा पुरुष जरा जास्तच आवडतो हेही.

कपडे धुण्याआधी खिसे तपासायचे, सापडेल ते पाकिटात घालून त्याच कपड्याला टाचून ठेवायचं, ही वडिलांनी लावलेली शिस्त. एका दुपारी लॉन्ड्रीवाल्यानं आदल्या दिवशी आलेला तो काळा कोट घेतला, आतल्या खिशात बोटं घातली, आणि हाताला लागलेलं बाहेर काढलं. चार खणांची इवलीशी डबी होती. दोन खण रिकामे, दोन खणांत निळ्या गोळ्या.

अगदी तशीच डबी त्याच्याही कपाटात होती. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या त्या. रोज घ्यायच्या नसतील, तर जवळीक होण्याआधी दोन, दुसऱ्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. दवाखान्यातल्या सिस्टरनं हे अगदी घोटून घेतलं होतं.

म्हणजे दोन घेऊन झाल्या. म्हणजे काल रात्री त्याला कुणीतरी भेटलं.

लॉन्ड्रीवाल्याला रडूच यायचं बाकी राहिलं. पण दुसरं एक जास्त टोचत होतं. तिसरी गोळी आज घ्यायची, आणि ती इथे, या कोटात! मागे एकदा त्यानं स्वतः आळस करून शेवटची गोळी टाळली होती. रिपोर्ट चांगला येईपर्यंत त्याच्या जिवाचं जे पाणी पाणी झालं, ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आणि हा तर वैरी नव्हता.

त्यानं फोन लावला. उचलेना. सभागृहात तालीम चालू असणार.

"ताई, दुकान बघ!"

"अरे, पण इस्त्री चालू—"

तो केव्हाच रस्त्यावर होता.

सभागृहाच्या मागच्या दारापाशी व्हायोलिनवाला मधल्या सुट्टीत एकटाच कॉफी घेऊन उभा होता. धापा टाकत आलेल्या लॉन्ड्रीवाल्याला बघून त्याचा चेहरा खुलला... हातातली डबी बघून पार पडला.

"तुम्ही... उघडलीत?"

"खिसे बघावेच लागतात आम्हाला. आणि लाजू नका, माझ्याकडेही आहे अशीच." लॉन्ड्रीवाल्यानं डबी पुढे केली. "तिसरी आजची ना? घ्या आधी. पाणी आणू?"

"नको. गरज नाही."

"गरज नाही?" लॉन्ड्रीवाल्याचा पारा चढला. "अहो, कोट विसरा, व्हायोलिन विसरा, हे विसरून कसं चालेल? तो जो कोण असेल त्याचं मला काही — तुम्ही मात्र स्वतःला जपायला नको?"

"पण काही घडलंच नाही हो! सिस्टरना फोन करून विचारलंय मी. काही घडलं नसेल तर पुढच्या दोन नकोत, म्हणाल्या."

लॉन्ड्रीवाल्यानं इतका मोठा श्वास सोडला की व्हायोलिनवाला त्याच्याकडे बघतच राहिला.

"मग आधीच्या दोन कशाला घेतल्यात?"

"आशेनं," तो पुटपुटला. "काल एकाला विचारायचं ठरवलं होतं, संध्याकाळी येतोस का म्हणून. दुपारीच गोळ्या घेऊन मोकळा झालो. मग समोर गेलो, आणि... तोंडातून शब्द फुटेना. कोट दिला, पावती घेतली, परत आलो."

"असा कोण तो—" लॉन्ड्रीवाला थबकला. "पावती?"

व्हायोलिनवाल्याचे कान लालबुंद झाले होते.

"येतोस का विचारायच्या आधीच गोळ्या घेतल्यास माझ्यासाठी?"

"सिस्टर म्हणाल्या होत्या, तयारी आधी हवी."

लॉन्ड्रीवाला हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. डबी सापडल्यापासून मनावर चढलेलं सगळं ओझं उतरलं, आणि त्या जागी नुसता आनंद मावेना.

"विचार की मग. मी काय, रोज असा धावत येणारे?"

"येशील... संध्याकाळी?" हे विचारताना हातातला कप असा काही कलला, की अर्धी कॉफी त्याच्या अंगातल्या दुसऱ्या कोटावर सांडली.

"येईन. पण आज नुसत्या गप्पा. डबी भरायला अजून वेळ आहे."

काही आठवड्यांनी डब्या भरल्या, आणि रिकाम्याही झाल्या. तिसऱ्या दिवशीची शेवटची गोळी दोघांनी एकाच पेल्यातल्या पाण्यानं घेतली. आधी कोणी प्यायचं यावर भांडून.

पण ही पुढची गोष्ट. त्या दुपारी लॉन्ड्रीवाला दुकानात परतला तो एक कोट हातावर टाकूनच. ताईनं तो उजेडात धरला, उलटसुलट पाहिला, आणि मग भावाच्या चेहऱ्याकडे पाहून खुदकन हसली.

"चला, राजे! एकदाचा खरा डाग आला."