हाताकडं बघू नका

"हे बंद आहे का हो? याच्यात काहीच दिसत नाय."

कॅनॉटच्या बाजारातल्या बद्रीनाथच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मनस्विनी पेनाच्या निबा घ्यायला आली होती. तिच्या शेजारी काउंटरला टेकून एक उंचापुरा मुलगा हातातली काळी पाटी उलटीसुलटी करत होता. पाटीच ती… ना पडदा, ना काच. शेवटी त्यानं ती कानाशी नेऊन टिचकी मारून पाहिली, टरबूज घेताना मारतात तशी. मनस्विनीला हसू आवरेना.

"हसू नका. मदत करा," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी काकुळतीला येऊन.

आता डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला कुणी असं म्हणालं तर ती गप्प बसते होय? तिनं सगळं समजावून सांगितलं. ही पाटी लॅपटॉपला जोडायची, पेन इथं फिरवायचं आणि चित्र तिथं, पडद्यावर उमटतं. बद्रीनाथनं हौसेनं एक कॉम्प्युटर मोकळा करून दिला. मुलानं पेन धरलं, पाटीवर डोकं खुपसलं आणि रेघ ओढली. ती बिथरलेल्या गोऱ्ह्यासारखी कुठच्या कुठं निघून गेली.

"हाताकडं बघू नका," मनस्विनी म्हणाली. "समोर बघा. हात आपोआप जातो."

त्यानं मान वर केली आणि समोर बघितलं. पण समोर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पलीकडं, ती उभी होती.

"पडद्याकडं," ती म्हणाली आणि उगाचच निबांचं पाकीट उघडून आतल्या निबा बघत बसली. कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटत होत्या. बद्रीनाथ खोकला. त्याला खोकला बिकला काही झाला नव्हता, मेल्याला.

मुलाचं नाव शिवराज. गाव कन्नडकडं, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत. यंदा डिझाइनला प्रवेश मिळालेल्या एका मुलीला चित्रं काढायचा टॅब्लेट भेट द्यायचा होता, आणि त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्याकडं लॅपटॉप कुठला आहे, टेबल केवढं आहे, ती कपड्यांचं शिकणार की हलत्या चित्रांचं, यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला. आणि सांगायचं म्हणजे नंबर हवा, म्हणून नंबर घेऊन गेला.

मग सुरू झालं ते भलतंच. रोज एक प्रश्न यायचा. पडद्याचा घ्यावा की बिनपडद्याचा? लहान की मोठा? पेनाला चार्जिंग लागतं का? मनस्विनी एकाचं उत्तर द्यायची की दुसरा तयार. पेनाला तो 'लेखणी' म्हणायचा, आणि वर्गात बसल्या बसल्या तिच्याही तोंडून एकदा लेखणी निघून गेलं. कंपनीतून सुटला की तो कॅनॉटला यायचा, दोघं दुकानात दोन-दोन पाट्या समोर ठेवून बघायची, आणि काहीच न घेता समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायची. वरून श्रावणातली भुरभुर, मधूनच ऊन. ती थोडं भिजायची, तो उगाच आपला रुमाल पुढं करायचा, आणि ती तो घ्यायची नाही. निर्णय काही होत नव्हता. कोण लांबवत होतं… तो की ती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एक दिवस मात्र तिनं चहात फुंकर घालत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारून टाकलं, की ही मुलगी आहे तरी कोण.

"मामाची मुलगी आहे. सायली."

झालं. चहानं जीभ पोळली.

इतर ठिकाणी मामाची मुलगी म्हणजे बहीण असेल. आपल्याकडं तसं नाही. मनस्विनीच्याच घरात बघा ना, तिची आई ही तिच्या बाबांच्या मामाची मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. त्यामुळं कुणी मुलगा मामाच्या मुलीसाठी एवढ्या खटपटीनं भेट शोधतोय म्हटल्यावर तिला पुढचं सांगायची गरजच नव्हती. तरी वेडी आशा ती. तिनं आणखी एक खडा टाकून पाहिला.

"राखीपौर्णिमा जवळ आलीय. सायली बांधते ना तुम्हाला राखी?"

"नाय… आमच्यात मामाची पोरगी राखी बांधत नसती."

"आमच्यातही नाही," ती म्हणाली, आणि उठली.

तो मागं आला. फुटपाथवर, भुरभुरीत, त्यानं सगळं सांगितलं. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं तो मामाच्या गारखेड्यातल्या घरी राहिला होता. मामानं पोटच्या पोरासारखं सांभाळलं. सायलीला सून करून आणायचं, हे आईनं कधीच मनात पक्कं करून टाकलेलं. राखीपौर्णिमेला आई आपल्या भावाला, म्हणजे मामाला, राखी बांधायला येणार, सगळे पाहुणे जमणार, आणि तेव्हा शिवराजनं आपल्या हातानं सायलीला ही भेट द्यायची, असं आईनं ठरवलं होतं. चार माणसांत दिली म्हणजे शब्दच दिला. नाही द्यावी तर मामाच्या उपकाराला जागला नाही असं होणार. शिवाय पोरीला तो टॅब्लेट लई मनापासून पाहिजे होता.

"माझ्यासाठी ती लहान बहिणीसारखीच आहे," तो म्हणाला. "पण हे मी बोलणार कुणापुढं?"

"तिला काय वाटतं?"

"विचारलं नाय कधी."

मनस्विनीला राग आला. त्याचा आला, सायलीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आपलं कोण लागतं हे? आपण कशाला भिजत उभे आहोत इथं?

"पेनाला चार्जिंग लागतं का, हे मला दहादा विचारलंत," ती म्हणाली. "आणि जिच्याबरोबर जन्म काढायचा तिला एकदा विचारता येत नाही तुम्हाला?"

 ती पुन्हा दुकानात शिरली, आणि टुकार पाटी गळ्यात मारायची मनात आलेली नतद्रष्ट कल्पना बाजूला सारून तिनं सगळ्यात चांगली पाटी निवडली. बिनपडद्याची, मध्यम, पहिल्या वर्षाच्या मुलीला पुढं पुरेल अशी. वर जास्तीच्या निबांचं पाकीटही घ्यायला लावलं. शेवटी सायलीनं तिचं काय घोडं मारलं होतं? शिवराज खोकं घेऊन गेला. जाताना थांबला, वळला, काहीतरी बोलेलसं वाटलं… आणि तसाच गेला.

त्यानंतर फोन मुका झाला. तिनं तो बंद करून चालू करून पाहिला. मैत्रिणींना म्हणाली, बरं झालं, एक ब्याद टळली. रात्री आईनं जेवायला वाढताना विचारलं, तोंड का उतरलंय, तर म्हणाली, निबा झिजल्यात. स्वतःचंच कळेना तिला. कुणी सांगितलं होतं जीव लावायला? आणि लावलाच असेल, तर तो कधी लावला, तेही आठवेना.

राखीपौर्णिमा आली. तिनं भावाला ओवाळलं, नारळीभात खाल्ला. गारखेड्यात आता काय चाललं असेल हा विचार घासागणिक येत होता. तिला शिवराज आवडत होता, अगदी साध्या शब्दांत सांगायचं तर फार आवडत होता.

पुढं काही दिवसांनी फोन वाजला. निरोप होता, पाटी चालत नाय, दुकानात येता का?

जाऊ नये, असं तिनं पक्कं ठरवलं आणि गेली.

तो आधीच येऊन बसला होता. लांब बाह्यांचा शर्ट, समोर कॉम्प्युटर, सायलीसाठी घेतलेली पाटी जोडलेली. चेहऱ्यावरून काही थांग लागत नव्हता. तिनं बसल्या बसल्या कोरडेपणानं विचारलं, काय होतंय नेमकं, रेघ काढून दाखवा.

त्यानं पेन उचललं. हात पुढं गेला तशी बाही मागं सरली, आणि मनगटावर एक राखी दिसली. राखी कसली, चांगली तबकाएवढी, लाल-पिवळ्या स्पंजची, मधे चमकी, खाली गोंडे. हल्ली खेड्यातल्या बाजारातसुद्धा मिळत नाही असली.

मनस्विनी पुढं वाकली.

"ही… कुणी बांधली?"

"मामाच्या मुलीनं."

मग तो सावकाश सांगत गेला. त्यानं आदल्या दिवशी सायलीला विचारलं, तर पोरगी ढसाढसा रडली आणि मग हसत सुटली. तीही धास्तावूनच होती बिचारी. ही राखी तिनं शहागंजभर हिंडून शोधली. म्हणाली, दाराशी बसलेल्या पाहुण्यालाही दिसली पाहिजे. आईनं मामाला बांधली, आणि तिच्यामागं सायली ताट घेऊन शिवराजपुढं येऊन बसली. कुणाला काही कळायच्या आत गाठ मारून मोकळी. त्यानं टॅब्लेट ताटात ओवाळणी म्हणून ठेवला. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग मामाच उठला, त्यानं शिवराजच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ओवाळणी झकास दिलीस.

"आई अजून बोलत नाय माझ्याशी," तो म्हणाला. "बोलंल. जरा वेळ लागंल."

 मनस्विनीचे डोळे त्या राखीवरून हलत नव्हते. गोंडे हलत होते, म्हणजे हातही हलत होता, पेन पाटीवरून फिरत होतं.

"हाताकडं बघू नका," शिवराज हळूच म्हणाला. "समोर बघा."

तिनं वर पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली होती. वाकडीतिकडी, पण सायलीच्या पाटीवर रोज गिरवलेली असणार, कारण ओळ बरीच सरळ होती.

तुम्हालाही विचारायचं राहिलंय. विचारू का?

पाटीला काहीही झालं नव्हतं. बद्रीनाथला पुन्हा खोकला आला, आणि या वेळी तो खोकत खोकत दुकानाच्या मागच्या बाजूला निघून गेला.

मनस्विनीनं शिवराजच्या बोटांतून पेन काढून घेतलं. हाताकडं न बघता, पडद्याकडंही न बघता, त्याच्याकडं बघत तिनं 'हो' लिहिलं. एवढी वर्षं पेन चालवणाऱ्या मुलीचं ते अक्षर त्याच्या अक्षराहूनही वाकडं आलं.