सपाट रेषा

डॉ. शर्वरी पाटणकरांनी पडद्यावरची मेंदूची रेषा तिसऱ्यांदा पाहिली. सपाट.

काचेपलीकडे सुमती हिरे श्वासयंत्रावर निजल्या होत्या. आज त्रेचाळिसावा दिवस. सिन्नरला आयुष्यभर ब्लाऊज शिवलेली बाई. चार वाजता समिती बसणार होती. 'मन आढळले नाही' असा अहवाल गेला, की श्वासयंत्र बंद. आता सव्वातीन झाले होते.

"नक्की काय शोधताय तुम्ही?" सुमतींच्या मुलीने, हेमाने विचारलं.

"रूपक ऐकलं की मेंदू आधी खरी वस्तूच समोर आणतो," शर्वरी म्हणाल्या. "मन म्हणजे तळं म्हटलं, तर पाणी दिसतं. रेषा चढते. मग उमगतं, की हे पाण्याविषयी नाही. वस्तू बाजूला पडते, रेषा खाली वळते. ते वळण घ्यायला मन जागं लागतं."

"इथे चढच नाही," सहकारी डॉ. मुलाणी हळूच म्हणाले. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं.

*मन हे तळ्याचे पाणी, वर आभाळ, खाली गाळ...*

हेमाने पुढची ओळ आपसूक पुटपुटली. "सातवीची कविता ना? पाढ्यांसारखी घोकलीय. आईनेच पाठ करून घेतली. ऐकली की बाईंची छडी आठवते फक्त."

"पाणी नाही दिसत?"

"कुठलं पाणी?"

शर्वरींचा हात थांबला. यंत्र पारखलं गेलं होतं ते ताज्या, आधी कुणी न ऐकलेल्या वाक्यांवर. रुग्णालयांसाठी मात्र समितीने ही एकच कविता नेमली होती. सर्वांनी शाळेत शिकलेली हवी, म्हणून.

त्यांनी संवेदक-टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. "लावा."

मुलाणी पडद्याकडे पाहत राहिले. "सपाट. नियमाप्रमाणे मॅडम, तुम्हालाही चार वाजता बंद करायला हवं."

शर्वरींनी टोपी उतरवली.

"हेमा, आत जा. आईचं मन कशासारखं आहे, ते तिला सांग. आजवर कुणी म्हटलं नसेल असं."

"मला कुठे कविता येते हो!"

"कविता नको. खरं सांग."

हेमा आईच्या कानाशी वाकली. "आई, तुझं मन म्हणजे शिलाई मशीनमधली बॉबिन गं. वरून दिसत नाही. पण तिचा दोरा संपला, की सुई नुसती भोकं पाडत जाते."

रेषा हलली. मेंदूतल्या बोटांच्या स्पर्शकेंद्रातून उभी चढली, क्षणभर थरथरली आणि वळली.

"आहेत," मुलाणींच्या तोंडून निघालं. "आत आहेत त्या!"

"अहवालाला तीन फेऱ्या लागतात. हेमा, तेच पुन्हा म्हणू नकोस, शिळं होईल. दुसरं काहीतरी सांग."

हेमा डोळे पुसत काजाचं आणि बटणाचं काहीतरी जुळवू लागली. रेषा पुन्हा वळली. मग तिसऱ्यांदा. तीन वाजून चाळीस मिनिटांनी शर्वरींनी अहवालावर 'मन जागृत' लिहिलं आणि सही केली. पेन मात्र खाली ठेवलं नाही.

"मुलाणी, त्या कवितेवर याआधी किती अहवाल दिले आपण?"

मुलाणींनी यादी उघडली. बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं. शाळेचा रकाना प्रत्येकापुढे भरलेला होता.

"अकरा," ते म्हणाले. "सगळे सपाट. सगळ्यांवर तुमची सही आहे."