काळ्याचे पांढरे

हेमलता बिडवे यांनी कालिंदीबाईंच्या उजव्या कानशिलावरची बट कंगव्याच्या टोकाने वेगळी केली आणि मूळदर्शक तिच्यावर धरला. भिंतीवरच्या पडद्यावर केसांची मुळे बोटाएवढी मोठी दिसू लागली. बाकीच्या डोक्यावर प्रत्येक केस मुळापासून काळा उगवत होता. या बटेत मात्र एकही काळे मूळ नव्हते.

"तिसरी खेप ना ही?" कालिंदी गर्गे यांनी आरशातूनच विचारले. नाशिकच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि वीस वर्षे हेमलताबाईंच्या पार्लरमधल्या याच खुर्चीत बसत आल्या होत्या.

"तिसरीच. तुमची ही बट काही ऐकत नाही, बाई."

"न ऐकणाऱ्यांचं काय करायचं, ते मला विचार. माझा जन्म त्यात गेलाय."

हेमलताबाई हसल्या, पण त्यांचे लक्ष पडद्यावरच होते. हट्टी पांढरे केस ही त्यांची खासियत. पूर्वी अशा केसांना आधी मऊ करावे लागे, मग रंग लावून पाऊण तास थांबावे लागे. दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून बघितला तरी एखादीच्या टाळूची आग व्हायचीच. वर्षापूर्वी 'पुनःश्याम' आले आणि ती कटकट मिटली. हे द्रव केस रंगवतच नव्हते. आठवड्यातून एकदा टाळूला लावायचे, की केस आपोआप काळा उगवे. ना अमोनिया, ना खाज. त्यांच्याकडच्या साठ-पासष्ट बायकांनी ते वापरले होते आणि एकीचीही तक्रार नव्हती.

खटकले ते कंपनीचे पत्र. जिथे केस काळे होत नाहीत तिथली बट मुळासकट उपटून पाठवा आणि त्या जागी तिप्पट द्रव लावा, असे त्यात लिहिले होते.

"फसलेल्या केसांचं तुम्हाला काय करायचंय?" त्यांनी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारले होते. तीस वर्षांत प्रत्येक कंपनीने त्यांच्याकडे यशाचे फोटो मागितले होते. अपयश मागणारी ही पहिलीच.

"संशोधन, मॅडम."

"मग काळ्या झालेल्या केसांवर संशोधन नको?"

तो मोबाईलकडे बघू लागला. "ते तुमच्या कामाचं नाही."

त्या उत्तरानंतर हेमलताबाईंनी तिप्पट द्रव कोणालाच लावले नाही. कालिंदीबाईंना विचारून त्यांनी त्या बटेतले चार केस मुळासकट काढले आणि शेजारचे चार काळे. कंपनीला काहीच पाठवले नाही. दोन्ही पुड्या त्यांनी सरकारी रुग्णालयात त्वचापेशींवर काम करणाऱ्या डॉ. नसीम इनामदार यांच्याकडे नेऊन दिल्या. सोबत आपली वहीही दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पहिल्या दिवशी कुठे पांढरे होते, याचे नकाशे त्या वहीत काढलेले असत.

पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतःच पार्लरमध्ये आल्या. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी दार लावून घेतले.

"हेमलताताई, केस पांढरा का होतो?"

"रंग संपतो म्हणून."

"रंग तयार करणाऱ्या पेशी संपतात म्हणून. प्रत्येक केसाच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो. त्यातली एखादी पेशी आतून बिघडली, की शरीर तिला साठ्यात राहू देत नाही. ती पिकते आणि गळून जाते. अशा बहुतेक गेल्या, की केस पांढरा."

"म्हणजे पांढरा केस ही सफाई झाल्याची खूण?"

"माझ्या तपासणीत तसंच दिसतंय. पुनःश्याम साठ्यात उरलेल्या बिघडक्या पेशींना बाहेर पडूच देत नाही. त्या तिथेच राहतात आणि रंग देत बसतात."

हेमलताबाईंनी नकळत आपले हात पदराला पुसले. "मग बाईंची ती बट?"

"तिथे अडवून ठेवायला कोणी उरलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यावर तेवढीच जागा निर्धोक आहे."

"आणि बाकीचं?"

"तिथे बिघडलेल्या पेशी मुक्कामाला आहेत. बहुतेक काही करणार नाहीत. पण एखादी वाढत सुटली, तर कर्करोग."

"कंपनीला हे ठाऊक होतं?"

"जिथे अडवायला पेशीच नाहीत, तीच बट ते मागतायत. ज्याला काही ठाऊक नसतं, तो इतकी नेमकी बट मागत नाही."

 हेमलताबाई म्हणाल्या, "कंपनीवर विश्वास ठेवून बसले होते. तुमच्यावर तरी का ठेवू?"

"ठेवू नका. द्रव बंद करा आणि तीन महिने थांबा. माझं खरं असेल तर अडकलेल्या पेशी पुन्हा गळायला लागतील आणि केस पांढरे उगवतील. ज्या जागी नाही उगवले, तिथली त्वचा मला तपासावी लागेल."

डॉक्टरांचे खरे निघाले. तीन महिन्यांत भांगाभांगातून पांढरी मुळे वर आली. पुनःश्यामवर बंदी आली. शहरातल्या ज्या ज्या बायकांनी ते वापरले होते, त्यांनी दर महिन्याला आपल्या भांगाचे छायाचित्र रुग्णालयाला पाठवायचे ठरले. पांढरे दिसले की नाव 'मुक्त' यादीत जाई.

आणि मग शहराची नजरच बदलली. सासवा सुनांचे भांग निरखू लागल्या. भिशीला आलेल्या बायका एकमेकींच्या डोळ्यांकडे न बघता कपाळाच्या वर बघत. काळ्याभोर केसांची बाई दिसली की आवाज खाली येत. पांढरा भांग मिरवायची गोष्ट झाली.

बंदीनंतर चौथ्या महिन्यात कालिंदीबाई पेढे घेऊन आल्या. भांगात अर्धा इंच पांढरे चमकत होते.

"सुटले गं, हेमा! यादीत नाव आलं. आता खालचं काळं थोडं छाटून छान आकार दे."

हेमलताबाईंनी त्यांचे डोके मागे टेकवले आणि कोमट पाणी सोडले. कानशिलावरच्या जुन्या बटेवर पाणी टिकेना. थेंब काचेवरून घसरावेत तसे ओघळून गेले. हट्टी पांढऱ्या केसावरचे बारीक खवले असे घट्ट मिटलेले असतात, म्हणून तर त्याच्यात रंग शिरत नाही. पण वर भांगातले केस लगेच भिजले, फुगले आणि बोटाला चिकटून लोळू लागले. खवले उघडल्याखेरीज केस असा पाणी पीत नाही, आणि खवले उघडते ते ब्लीच.

त्यांनी नळ बंद केला.

"बाई, हे कोणी केलं?"

"काय?"

"तीस वर्षं मी पांढऱ्याचं काळं केलं. काळ्याचं पांढरं केलेलं मला कळणार नाही?"

 बेसिनच्या कडेवरून पाण्याचे थेंब जमिनीवर पडत होते.

"घरीच केलं," कालिंदीबाई छताकडे बघत म्हणाल्या. "सगळ्यांचे पांढरे आले, माझेच येईनात. पालक मुलांना विचारायला लागले, तुमच्या बाईंचे केस अजून काळेच का? संस्थेचे लोक रजेवर जा म्हणाले. माझं एकच वर्ष राहिलंय, हेमा." त्यांनी डोळे मिटले. "आणि खरं सांगू? तिथे काय आहे, ते मला बघायचंच नव्हतं."

"चला."

"कुठे?"

"डॉक्टरांकडे. ओल्या केसांनीच चला. वाळवायला बसलात तर विचार बदलाल."

भर दुपारी पार्लरला कुलूप लावून दोघी रिक्षात बसल्या. कालिंदीबाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि हेमलताबाईंचे मनगट रुग्णालयापर्यंत सोडले नाही.

भांगाच्या डाव्या बाजूला, केसांच्या दाटीत, मसुरीएवढा डाग सापडला. तो कापून काढला. तीन आठवड्यांनी अहवाल आला, की डाग खोल गेला नव्हता आणि कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, मागे काही उरले नव्हते. कालिंदीबाई पट्टी बांधूनच शाळेत हजर झाल्या. रजेवर जा म्हणायला कोणी पुढे आले नाही.

अहवाल ऐकून झाल्यावर हेमलताबाई मात्र डॉक्टरांच्या खोलीतून हलल्या नाहीत.

"तुमच्या मुक्त यादीत किती जणी आहेत?"

"चारशेच्या वर."

"त्यातल्या किती जणींच्या केसांना तुम्ही हात लावलाय?"

डॉक्टर इनामदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकीच्याही नाही. सगळं छायाचित्रांवरून."

पुढच्या सोमवारी, पार्लर बंद असते त्या दिवशी, यादीतल्या पहिल्या बारा जणींना रुग्णालयात बोलावले. हेमलताबाई एक वाटी पाणी घेऊन बसल्या आणि एकेकीच्या भांगातून ओली बोटे फिरवत गेल्या.

सात जणींच्या केसांनी पाणी पिऊन टाकले.

हेमलताबाईंनी त्या साती जणींना दुसऱ्या बाकावर बसायला सांगितले. का, असे एकीनेही विचारले नाही.