कापडाखालची भिंत

भिंतीवर शोभेच्या कागदाचा एकच थर नव्हता. त्याखाली आणखी कागद, त्याखाली पिवळी वर्तमानपत्रं, आणि सगळ्यांत खाली बारीक खिळ्यांनी ठोकलेलं तागाचं जाडंभरडं कापड. सिन्नोवेने ते सगळं ओलं करून, खरवडून उतरवलं आणि आतल्या फळ्या हिरव्या निघाल्या. एवढा जुना रंग म्हणजे त्यात शिसं असणारच. आठ महिन्यांची तीरिल आता कुठे रांगायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालत होती. सिन्नोवेने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

सोड्याच्या पाण्याने फळ्या धुताना तिला ते दिसलं. गुडघ्याच्या उंचीवर, आडव्या पट्टीच्या कडेला, शेजारीशेजारी दोन खाचा. तांदळाच्या दाण्याएवढ्या.

"उंदीर असेल," तिचा नवरा आयविन म्हणाला. "नाहीतर तुझी लेक. उपाशी ठेवतेस तिला!"

"तिला अजून एकही दात नाही, आणि तुला चेष्टा सुचतेय."

तिने खाचा बुजवायला लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. बोट फिरवलं तर काहीच लागेना. दुसऱ्या दिवशी त्याच लांबीत चार खाचा होत्या. दोन वर, दोन खाली. ओलसर.

तिने धावत जाऊन तीरिलचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या गुळगुळीत. पोरगी खुदकन हसली, लाळ गळली.

दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या गुन्वोर वॅफल घेऊन आल्या. उघड्या दारातून त्यांनी फळ्या पाहिल्या.

"कापड कुठाय?"

"आयविनने शेगडीत घातलं. कुजलं होतं हो अगदी."

"अगं पोरी, कापड काढतात का कोणी? नवा कागद त्याच्यावरच चढवायचा असतो. आपल्या लेवांगर गावात शेंबडं पोरही सांगेल."

"पण का? काय आहे त्या खोलीत?"

गुन्वोर यांनी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. "रंग दे मग," त्या म्हणाल्या. "जाड दे." आणि तीरिलकडे न बघताच निघून गेल्या.

सिन्नोवेने आधी नवं कापड आणून ठोकलं. सकाळी सगळे खिळे जमिनीवर पडलेले होते. एकही वाकलेला नव्हता. आतून कुणीतरी ढकलल्यासारखे सरळ बाहेर आले होते.

मग तिने रंग दिला. पांढरा, जाड, दोन हात. पट्टीच्या कडेला तिसराही.

दिवस कलला. भिंत कोरी राहिली.

तिने साबणाने हात धुतले, नखांतला रंगही काढला. तीरिल किरकिरत होती. तिला मांडीवर घेऊन तिने आपलं बोट चोखायला दिलं. हिरड्या मऊ होत्या, गरम होत्या. पोरगी शांत झाली. काही दुखलं नाही.

तिने बोट बाहेर काढलं.

त्यावर चार बारीक खाचा होत्या. खाचांच्या कडेला ओला पांढरा रंग.