पुरं मिनिट

गोष्ट म्हणू नका ह्येला. वही आणाय गेलेल्या पोराचं झालेलं हाय ते, आणि त्या पोराला तुम्ही समदी वळखता. वरल्या उपकेंद्रात धैर्यशील हाय न्हवं? तुमच्यासारखाच ट्रेनिंगला आलता ह्याच दवाखान्यात. त्यो स्वतः सांगत न्हाय. तुम्ही इचारूबी नका त्याला.

संगमेश, त्यो मोबाइल ठेव की खाली मर्दा. तोंडावर उजेड घेऊन बसलायस, तूच भूत दिसाय लागलायस. आणि मोना, हसू नको. मी तीस वर्सं ह्या खात्याची जीप चालवली, भुताबितावर माझाबी इश्वास नव्हता.

तुमचं काम म्हणजे काय? डॉक्टर न्हाय, डॉक्टरच्या हाताखालचं माणूस. डॉक्टर जितं पोचत न्हाय तितं तुम्ही पोचायचं. सहा महिनं शिकायचं, परीक्षा द्यायची, मग एकेका वाडीवर एकट्यानं बसायचं. मागं बसलेल्या डॉक्टरांचं ऐकून ऐकून निम्मी डॉक्टरकी मलाबी येती. लहान पोराचा श्वास कसा मोजायचा सांगू? अंगावरचं कापड वर करायचं, पोटाकडं बघायचं, घड्याळ लावायचं आणि पुरं एक मिनिट मोजायचं. चार महिन्याच्या पोराचं पन्नास झालं की न्युमोनिया धरायचा आणि पोर दवाखान्यात हलवायचं.

आणि तुम्ही काय करता? पंधरा सेकंद मोजता आणि चारनं गुणता. गप बसा, समदी करत्यात. धैर्यशीलबी करायचा. पोरगं हुशार, हात हलका, सुई टोचलेली कळायची न्हाय. पण पायाला भिंगरी. कुठं दोन मिनटं बूड टेकंल तर शपथ.

बावीस साल. डिसेंबरची सतरा तारीख, शनिवार. मलकापूरच्या वरल्या अंगाला एका धनगरवाड्यावर गेलतो आम्ही दुपारी. नाव घेत न्हाय, माणसं ऱ्हात्यात तितं अजून. सारिका म्हणून एक बाई, तिचं चार महिन्याचं पोर, खोकला. नवरा गुऱ्हाळावर कामाला गेल्याला, घरात ती एकटीच. धैर्यशीलनं पोर बघितलं. पंधरा सेकंदात अकरा. अकरा चोक चव्वेचाळीस. "काय काळजी करू नका ताई, साधा खोकला हाय," म्हणाला, बाटली दिली आणि आलाबी बाहेर. माझी बिडी संपली नव्हती तवर.

रात्री आठला मलकापुरात वडा खाताना ह्येच्या ध्यानात आलं, नोंदवही तितंच ऱ्हायली. सहा महिन्यात केलेलं समदं काम त्यात लिवलेलं. सोमवारी परीक्षा. "आण्णा, चला की, पाया पडतो तुमच्या," म्हणाला. मी आयमाय काढली त्येची. काढली आणि गाडीची किल्ली घेतली.

ओढ्यापतोर जीप जाती. फुडं दहा मिनटांची पायवाट. मी गाडीतच बसलो. नऊ वाजून वीस मिनटं झाल्याली. हितनं फुडचं त्यानं मला सांगितलेलं हाय. एकदाच सांगितलं, तेबी रडत रडत.

वाड्यावर गेला तर कुत्री गप. धनगराची कुत्री, पोरांनो. दुपारी अंगावर आलती. आता अंगणात बसल्याली, समदी घराकडं पाठ करून. एकबी वळून बघंना.

दार उघडं. आत बारका बल्ब. सारिका भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपल्याली. तीन रात्रींचं जागरण हुतं बिचारीला. पोर मांडीवर. वही फळीवर. कशाला उठवायचं म्हणून ह्येनं पाय न वाजवता वही उचलली आणि वळला.

"मोज."

कोपऱ्यात म्हातारी बसल्याली. डोक्यावरनं घोंगडं. दुपारी नव्हती. ह्येला वाटलं, शेजारची कोणतर सोबतीला आली आसंल.

"दुपारी मोजलंय की आजी."

"पाव मोजलंस."

ह्येला लाज वाटली. म्हातारीला हे कसं ठावं, हे डोक्यातच आलं न्हाय, आधी लाज वाटली म्हणाला. खाली बसला. पोराचं झबलं वर केलं. घड्याळ लावलं.

"एक," म्हातारी म्हणाली. "दोन. तीन."

पंधरा सेकंद झालं. बारा. ह्यो उठाय लागला. म्हातारी थांबली न्हाय. तेरा. चौदा. आणि पोराचा श्वास सुटला की... भराभरा भराभरा. बरगडीखाली खड्डा पडाय लागला. तीस. एकतीस. म्हातारी बरोबर श्वासाला श्वास मोजत हुती, आणि तिला तर कोपऱ्यातनं पोराचं पोटबी दिसत नव्हतं. पन्नास. पंचावन्न. मिनिट भरलं.

"चौसष्ट," म्हातारी म्हणाली.

दुपारीच न्यायला पायजे हुतं. चार वाजल्यापास्नं नऊ... पाच तास ह्येनं त्या लेकराला मारत ठेवलंतं. वडा खात बसलाता. असं त्यानंच मला सांगितलं, ह्याच शब्दात.

मग एक गोष्ट ध्यानात आली.

एकापास्नं चौसष्टपतोर म्हातारी मोजत आली. मधी एकदाबी दम घेतला नव्हता.

ह्येनं तिच्याकडं बघितलं. छातीवर घोंगडं. हलंना. ट्रेनिंगचं पोरगं, सवय... हातातलं घड्याळ चालूच हुतं. पंधरा सेकंद बघितलं. काय न्हाय. तीस. काय न्हाय.

त्या येळी पुरं मिनिट मोजलं त्यानं.

एकबी न्हाय.

म्हातारीनं मान वर केली.

"आता तुझं."

आणि मोजाय लागली. ह्येच्या पोटाकडं बघून. एक... दोन... ह्येला श्वास घेऊ वाटंना. जेवढं घेईल तेवढं ती मोजणार. दाबून धरला. छाती फुटाय आली. घेतला... तीन...

"कुणाशी बोलायलासा वो?"

सारिका जागी झाल्याली. कोपऱ्यात कोण न्हाय. ह्यो नुसता ओरडला, "ताई, चला, पोर घ्या, चला!"

मी बघितलं तर पायवाटेनं ही दोघं पळत येताना. पोर पदरात. ह्यो नुसतं "कोल्हापूर" म्हणाला. मी गाडी सोडली. कशी चालवली मला ठावं न्हाय. घाट, बांबवडे, समदं मागं पळालं. आणि मागल्या सीटवर कोणतर मोजत हुतं. हळू, एका सुरात. मला वाटलं पोरगा मोजतोय, शहाणा झाला एकदाचा. मी आरशातबी बघितलं न्हाय.

मोठ्या दवाखान्यात पोराला ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, पहाट बघितली नसती लेकरानं. मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो. मी म्हणलं, "लेका, चांगलं मोजत आलास वाटंत." त्यो माझ्याकडं बघाय लागला.

"आण्णा," म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मोजताय."

...

बिडी द्या रे कोणतर. न्हाय? ऱ्हाऊ दे.

घोंगडं घेतल्याली म्हातारी म्हणल्यावर सारिकानंच सांगितलं मग. सासू तिची, धोंडुबाई. तीन सालाखाली सारिकाचं थोरलं पोर गेलं, असंच, खोकल्यानं. तवाबी एक ट्रेनिंगवाला येऊन बघून गेलता, ठीक हाय म्हणालाता. पोर गेलं ते म्हातारीच्या मांडीवर. तवापास्नं कुणाचंबी तान्हं दिसलं की म्हातारी त्याच्याजवळ बसायची आणि मोजायची. दुसरं काय बोलणंच न्हाय. त्याच सालच्या दिवाळीत गेली. सुनेला दिवस गेल्यालं, पोर झाल्यालं, समदं बघून गेली.

पोर वाचलं. नऊ दिवसांनी आम्हीच परत सोडाय गेलो. घराला कडी हुती, ती सारिकानंच काढली. आत गेलो. म्हातारी बसलीती त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. उभ्या. बारक्या. एका ओळीत. धैर्यशीलनं बोट लावून मोजल्या. चौसष्ट.

खाली दुसरी ओळ हुती. अठरा.

मोठ्या माणसाचा श्वास मिनटाला तेवढाच आसतोय, तुम्हाला ठावं हाय. सारिका म्हणाली, "माझा आसंल." धैर्यशीलनं घड्याळ काढलं. तिचं मोजलं, पुरं मिनिट. बावीस. मग माझं. एकवीस, बिड्या वडून. मग भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायला आणि स्वतःचं मोजलं. मी त्येच्या खांद्यामागंच हुतो. ओठ हलताना दिसत हुतं.

अठरा.

परीक्षा पास झाला त्यो. शहरातली जागा मिळत हुती, न्हाय म्हणाला. तेच उपकेंद्र मागून घेतलं. त्या डोंगरात आता एकबी तान्हं त्यानं पुरं मिनिट मोजल्याबिगर सोडलेलं न्हाय, आणि त्या दिवसापास्नं एकबी गेलेलं न्हाय. दर शनिवारी सारिकाच्या घरी जातो. आत जात न्हाय. पोर अंगणात येतंय, तितंच बघतो.

सारिकानं ती भिंत दोनदा पोतारली पांढऱ्या मातीनं. वरली ओळ गेली. खालची मातीतनं परत वर येती.

मागल्या शनिवारी मीबी गेलतो त्याच्यासंगं. पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि नजर गेलीच. वाळल्याल्या मातीवर काळ्याभोर रेघा, कालच वडल्यागत. मोजल्या. परत मोजल्या. बोट लावून मोजल्या.

सतरा.

बाहेर त्यो पोराला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवत हुता. हसण्याचा आवाज येत हुता दोघांच्या. "काय आण्णा, किती येळ पाणी पिताय?" म्हणून हाक मारली त्यानं.

मी आलो बाहेर. गाडीत बसलो. त्याला सांगितलं न्हाय मी अजून... जीभच उचलंना माझी.