रेशीमघरातला पाऊस

"नदीला रेशीमच पाहिजे!" आरोहीने ठणकावून सांगितलं. "सुती दोऱ्याचं पाणी चमकत नाही!"

ओसरीवर एक मोठं गोणपाट अंथरलं होतं आणि त्याच्याभोवती तिघं पालथी पडली होती. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून निमगाव सावाला आलेली बारा वर्षांची आरोही, तिची मावसबहीण वृषाली आणि वृषालीचा धाकटा भाऊ पप्पू. या गोणपाटावर सुई-दोऱ्याने अख्खं शिवार भरायचं त्यांनी ठरवलं होतं. मेंढरं खऱ्या लोकरीची झाली होती. कडब्याची गंजी अंबाडीच्या सुतळीची, ढग पिंजलेल्या कापसाचे. राहिली होती ती कुकडी नदी.

"रेशीम काय झाडाला लागतंय व्हय?" पप्पू म्हणाला.

"सरुआजीच्या रेशीमघरात पडले असतील की रेशीमकिड्यांचे रिकामे कोश," वृषाली म्हणाली. "ते उकळून धागा काढायचा. आजी काढायची."

शिवणयंत्रावर बसलेल्या वृषालीच्या आईचा, निर्मलामावशीचा पाय थांबला.

"तिकडं जायचं न्हाई! सरुआजी जाऊन वरीस झालं. तवापासून ते घर बंद हाय. भर दुपारी आत कुणीतरी बोलतंय म्हणत्यात. कामाला बाया येईनात त्या बाजूला."

मावशीने एवढं सांगितल्यावर तिघं तिकडे गेली नसती तरच नवल!

कालव्याच्या कडेने जाताना त्यांना सोपानबाबा भेटले. सरुआजीचे म्हातारे यजमान. डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडी, पुढे पाच-सहा मेंढरं. चालता चालता त्यांचा हात लोकरीचं सूत कातत होता.

"बाबा, आम्ही रेशमाचे कोश न्यायला आलोय!" आरोही म्हणाली.

"आं?" बाबांनी कानामागे हात धरला. त्यांना फार कमी ऐकू यायचं.

"कोश! आजीच्या घरातले!" पप्पू ओरडला.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. "तिथं काय न्हाई आता. घरी जावा, पोरांनो," एवढंच म्हणून ते मेंढरांमागे निघून गेले.

वाटेत कैऱ्या पाडण्यात तिघांचा तासभर गेला. रेशीमघर माळाच्या कडेला एकटंच उभं होतं. कुडाच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर, खिडक्यांवर पोती आणि चहूकडे तुतीची झाडं. ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. तिघं दाराजवळ पोचली आणि जागीच थिजली.

आत पाऊस पडत होता!

सर्रर्र... सर्रर्र... पानांवर संथ सर यावी तसा आवाज. वृषालीने वर पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. दाराच्या फटीतून गार हवेचा झोत आला आणि आरोहीच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या उन्हात हे घर गार श्वास कसा सोडत होतं?

तिने फटीला डोळा लावला. आत अंधूक उजेडात लाकडी चौकटीवर एक शेला ताणलेला होता. त्यावर रेशमाचा मोर भरला होता, पण अर्धाच. डावीकडचा पिसारा निळा-हिरवा झळझळत होता आणि उजवीकडे कोरं कापड. मोराचा एकच डोळा तिच्याकडे बघत होता. आणि कुणीतरी खूप हळू आवाजात बोलत होतं. बोलायचं, थांबायचं, जणू समोरून उत्तर येत होतं, पुन्हा बोलायचं. उत्तर मात्र ऐकू येत नव्हतं.

"पळा!" पप्पू किंचाळला.

घरी पोचेपर्यंत पप्पूने रस्त्यात भेटेल त्याला हे सांगितलं. संध्याकाळी पारावर ती गोष्ट परत आली तेव्हा आतमध्ये केस मोकळे सोडलेली बाई उभी होती आणि तिचे पाय उलटे होते!

"मी असलं न्हाई बोललो!" पप्पू रडकुंडीला आला.

पण भगवंतकाकांना तेवढंच निमित्त पुरलं. ते पप्पूचे चुलते. रेशीमघर त्यांच्याच बांधाला लागून होतं. "उद्या दुपारी पेटवून टाकतो!" ते गरजले. "धंदा बंद, माणूस न्हाई, कशाला ठेवायची ती भुताची खोपी?"

"अवो, पण सोपानबाबांना विचारलं का?" मावशीने विचारलं.

"त्याला ऐकू येतंय कुठं? आन् तो दिवसभर मेंढरांमागं माळावर. ऱ्हाऊ द्या!"

दुसऱ्या दिवशी आरोहीने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. डोळ्यांसमोर तो मोर येत होता. एक एक टाका किती निगुतीने घातलेला! तो जळणार?

"भूत असो नाहीतर नसो," ती म्हणाली, "तो शेला मी बाहेर काढणार!"

"चल," वृषाली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती उठली. पप्पूकडे बांधावरून पहारा ठेवायचं काम आलं. "मी आत न्हाई येणार हां! लांबनंच शिट्टी मारीन!"

दार नुसतं लोटलेलं होतं. आरोहीने ते ढकललं. पाऊस कालच्यासारखाच चालू होता. हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि तिला मांडणीवर रचलेली बांबूची तट्टं दिसली. तट्टांवर तुतीचा पाला आणि पाल्यावर पांढऱ्या अळ्या! शेकडो अळ्या मन लावून पानं कुरतडत होत्या.

"वृषा, हा बघ पाऊस! हे किडे खातायत!"

"आन् ही पोती ओली हायत!" वृषालीने खिडकीला हात लावला. "म्हणून हवा गार लागती!"

म्हणजे भूत नव्हतं? आरोही शेल्यापाशी गेली आणि आणखी जवळ वाकली. काल उजवीकडे कोरं कापड होतं. आज तिथे एक अख्खं पीस उगवलं होतं!

सुई कापडात टोचून ठेवली होती. शेजारी निळ्या रेशमाचा नवा दोरा कापून ठेवलेला. तिने तो उचलला. दोऱ्याचं टोक बोटांना ओलसर लागलं. सुईत ओवताना तीही दोरा अस्संच ओठांत धरून ओला करायची. या उन्हाळ्यात ती ओल कितीशी टिकणार?

"वृषा," ती कुजबुजली, "भुताच्या तोंडाला थुंकी असते का गं? आत्ता, या क्षणी इथं माणूस आहे!"

तेवढ्यात बाहेर पप्पूची शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. पाठोपाठ रॉकेलचा भपकारा आला. भगवंतकाका आणि त्यांचे गडी मागच्या बाजूने थेट कुडावर डबा ओतत होते. आत डोकावून बघायचंही कुणाला सुचलं नव्हतं!

आरोही मांडणीच्या मागे धावली. तिथे, पाल्याच्या ढिगाआड, भिंतीकडे तोंड करून सोपानबाबा अंग चोरून बसले होते.

"बाबा, चला! घर पेटवतायत!"

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी नुसते हात जोडले. "कुणाला सांगू नगं, पोरी. हसतील मला."

समजावण्याइतका वेळच नव्हता. आरोहीने दाराकडे धाव घेतली आणि उंबऱ्यात हात पसरून उभी राहिली.

"काका, थांबा! आत माणूस आहे!"

"बाजूला हो! आत भूत हाय!"

"भूत दोरा ओला करून सुईत ओवतं का?"

"शहाणपणा शिकवू नगंस! ए, हिला धरा रे!"

गडी पुढे आले. आरोही दोन पावलं मागे सरली, वृषालीने दार धाडकन लावलं आणि आतून कडी घातली. "आता पेटवा!" दोघी एकदम ओरडल्या. "आम्हीपण आतच आहोत!"

भगवंतकाका नुसती धमकी द्यायला खिशात काडेपेटी चाचपत होते. तिथे काडेपेटीच नव्हती! शिट्टी वाजवून वाजवून गाल फुगलेला पप्पू ती उंच धरून बांधावर उभा होता.

"काका, ही बघा काडेपेटी! सकाळी घरी सदरा खुंटीला टांगून डब्यात रॉकेल भरत व्हता, तवाच म्यां उचलली!"

कुणीतरी हसलं. मग कडी निघाली आणि दार उघडलं. आरोही आणि वृषालीचा हात धरून सोपानबाबा बाहेर आले. उन्हाने डोळे बारीक करून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग भिजलेल्या कुडाकडे. तो वास त्यांना कळला.

भगवंतकाकांच्या हातातला डबा गळून पडला.

"सोपानतात्या... तुमी आत व्हता?"

वृषालीने बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "गावच्या मुक्ताईदेवीला शेला वाहीन म्हणून सरूनं नवस बोलून ठिवला व्हता. घरच्या रेशमाचा. अर्धा झाला आन् ती गेली. मेंढरं लेकाकडं सोडून मी हितं येतो, किडं पाळतो, शेला भरतो. लोकर मी पोरवयापासनं कातली, पर सुई कधी धरली न्हवती. बायामाणसाचं काम करतोय म्हणून गाव हसंल, म्हणून लपून बसायचो."

"पण तुम्ही बोलत कुणाशी होता?" आरोहीने कानाशी जाऊन विचारलं.

"तिच्याशीच की," बाबा सहज म्हणाले. "कुठला टाका कसा घालायचा, ती सांगती ना!"

कुणीच हसलं नाही. भगवंतकाकांनी डोळे पुसले. ते आरोहीपुढे येऊन उभे राहिले. "पोरी, आज तू तात्यांना न्हाई, मला वाचवलंस बघ. जल्मभर तोंड दाखवता आलं नसतं. आन् पप्पू, तू चोर हायस, पर लई गुणाचा चोर हायस!" त्याच दिवशी त्यांनी स्वतः रॉकेलाने भिजलेला कूड उपसला आणि नवा घातला.

मावशीने तिघांना आधी रागावून घेतलं, मग जवळ ओढलं. "न सांगता गेलात, त्याचं बघतेच मी! पर माझ्या सुईपरीस तुझी नजर बारीक हाय गं, आरोही."

मुक्ताईच्या जत्रेला थोडेच दिवस उरले होते. मावशी आपल्या शिवणवर्गातल्या बायकांना घेऊन रेशीमघरात आली. ज्या बाया त्या बाजूला फिरकत नव्हत्या, त्याच आता शेल्याच्या काठावर वाकल्या होत्या. काठाला बाबांनी कातलेली काळी लोकर लागली, मध्ये रेशीम. मोराच्या शेवटच्या पिसासाठी बाबांनी आरोहीला हाक मारली. ती चटकन त्यांच्या उजव्या हाताला अंथरलेल्या रिकाम्या चटईवर बसायला गेली.

"तिथं नगं, बाळ," बाबा हळूच म्हणाले. "जरा हिकडं सरक. तिथं सरू बसती."

आरोही सरकली. तिला अजिबात भीती वाटली नाही. तिने रेशमाच्या लडींकडे पाहिलं आणि बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "कोणता रंग घेऊ?"

सोपानबाबांनी त्या रिकाम्या चटईकडे मान वळवली. थोडा वेळ ते तसेच ऐकत राहिले.

"हिरवा म्हणती," ते म्हणाले.