रिकामी खुंटी

वॉल्टर ऑग्डन यांचे चिरंजीव नॉर्मन, नॉर्मन यांचे चिरंजीव ग्रॅहम, आणि ग्रॅहम यांचा मुलगा टोबी. घराणे ओल्डहॅमचे, माणसे सरळ. लिंकनशायरच्या आमच्या गावात मात्र त्यांची ख्याती एकच : नेलेली वस्तू परत न करणारे.

युद्धात वॉल्टर बॉम्बफेकी विमानावर होते. एका संध्याकाळी तळावर पोहोचायला उशीर होत होता, म्हणून त्यांनी गावातल्या डोरीनबाईंच्या आईची सायकल मागून नेली. पहाटे परतताना विमान गावाबाहेर बीटाच्या शेतात कोसळले. विमानातले सातही जण गेले. सायकलीचे काय झाले, कुणालाच कळले नाही. शेताच्या बांधावर सात नावांची शिळा उभी राहिली. डोरीनबाईंच्या शेडमधली सायकलीची खुंटी रिकामीच राहिली.

कित्येक दशकांनंतर एका मार्चमध्ये, त्या सात जणांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, डोरीनबाईंची नात हेस्टर शिळेवरचे शेवाळ घासत होती. बारीक पाऊस होता.

"अहो, बादलीत पाय आहे तुमचा."

"माफ करा... नाव शोधत होतो. ऑग्डन."

हेस्टरने वर पाहिले. त्याच्या केसांतून पाणी निथळत होते, तरी तो हसत होता.

"म्हणजे आमची सायकल नेणारे तुम्हीच."

"पणजोबांनी नेली. मी बसने आलोय."

तो कुडकुडत होता. तिने गळ्यातला मफलर काढून दिला.

घरी आजीने ऐकले मात्र, कपाळाला हात लावला. "ऑग्डनला उसनं दिलंस? आता विसर."

"मफलरच तर आहे, आजी."

"मफलरबद्दल कोण बोलतंय?"

वर्षभर त्याचे फोन येत राहिले. अहो-जाहो केव्हाच गळून पडले. मफलरचा विषय निघाला की तो म्हणे, "आणीन... पुढच्या मार्चला." हेस्टर हसे. फोन ठेवला की आजीचे बोल आठवत.

मार्च आला. बस आली, टोबी उतरला नाही. हेस्टर शिळेकडे वळली आणि स्वच्छ झालेले नावच पुन्हा घासू लागली.

मागे घंटी वाजली.

चिखलाने माखलेला टोबी, गळ्यात मफलर, हाताशी बायकांची जुनी सायकल.

"तीच नाही... पण तशीच आहे. दुरुस्तीला वर्ष गेलं. ओल्डहॅमपासून चालवत आलो."

"पाय बादलीपासून लांब ठेव," हेस्टर म्हणाली.

शेडमध्ये डोरीनबाईंनी सायकलीभोवती फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला. "टांग," त्या म्हणाल्या.

त्याने सायकल खुंटीवर टांगली.

"आणि मफलर?" हेस्टरने हात पुढे केला.

"तो सुटा मिळणार नाही... माझ्यासकट घ्यावा लागेल."

हेस्टरने मफलरची दोन्ही टोके धरली आणि त्याला जवळ ओढले.

"फिटलं," डोरीनबाई म्हणाल्या. "ऑग्डनांकडे आता आमचं काही येणं नाही."